शिकाऊ

गोल म्हणजे हुकूम.
त्रिकोण म्हणजे, बाई, जपून.
चौकोन नुसता सांगतो, पुढं पंप आहे, दवाखाना आहे,
ऐकायचं तर ऐक.

हे मला ओवीनं शिकवलं, सातवीतल्या,
कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात.
मी पोळ्या लाटायचे, ती ओट्यावर चढून बसायची,
पुस्तकाचं पान माझ्यासमोर धरायची
अंगठ्यानं खालची ओळ झाकून.
"मावशी, हे काय?"
गोलात भोंगा, भोंग्यावर काट.
"हॉर्न वाजवायला मनाई."
"कुठं लावतात?"
"कुठंही लावू देत. वाजवतातच."
"असा पर्यायच नाहीये, मावशी."

पाच घरं, सकाळी सहा ते एक.
वारज्यातून पायी, मग शेअर रिक्षा, मग परत पायी.
एक जुनी स्कूटर बघून ठेवलीय, निळी,
डाव्या अंगाला खरचटलेली.

नो पार्किंगला एक काट, नो स्टॉपिंगला दोन.
हे सारखं चुकायचं.
ओवी म्हणाली, एकात गाडी ठेवून जायचं नाही,
दुसऱ्यात क्षणभरसुद्धा थांबायचं नाही.
मग मला दातारांचं घर आठवलं.
दोन वर्षं होते तिथं, एकदाही टेकले नाही.
दोन काट.
पुन्हा चुकलं नाही.

कर्वे रस्त्यानं जाताना आता मान वरच.
एक पाटी गुलमोहोरात अर्धी शिरलेली.
एकीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स,
हात जोडलेले तीस-चाळीस चेहरे,
मागून लाल कडा तेवढी डोकावते.
वेग किती ठेवायचा, ते त्या चेहऱ्यांनाच ठाऊक.
नळ स्टॉपला एकजण उलट्या बाजूनं आला, फोनवर बोलत.
मी मनात म्हटलं, लाल गोल, मधे पांढरी पट्टी, प्रवेश बंद.
तो ओरडला, ओ बाई, बघून चाला की.

घरी हे हसले.
बावीस वर्षं टेम्पो चालवतात, मार्केट यार्डातून निघायचं ते कुठंही.
लायसन एजंटनं आणून दिलेलं, फोटो तेवढा ह्यांचा.
"असल्या चित्रांवर गाडी चालत नसते."
मी काही बोलले नाही.
पुस्तक देव्हाऱ्याशेजारी ठेवलं.

रात्री पाण्याला उठले तर दिवा चालू.
चष्मा नाकावर, पुस्तक हातभर लांब.
"ह्या दोन रेघा जवळ येतात नि परत लांब जातात, ते काय गं?"
"अरुंद पूल."
बराच वेळ बघत राहिले.
"नीरेच्या अलीकडं होता एक," म्हणाले.
"पूल माहीत होता मला. पाटी नव्हती माहीत."
मी पुढं विचारलं नाही.
त्या वर्षी टेम्पोचं तोंड नवं बसवलं होतं,
मला इंजिनाचं काहीतरी सांगितलेलं.
सकाळी ते पान दुमडलेलं होतं.

संगम पुलाजवळच्या ऑफिसात पंधरा प्रश्न.
एकेक वाचून होतो न होतो तोच वेळ संपतो.
माझ्या आधीचा मुलगा नखं खात बाहेर आला.
पहिलंच चित्र, त्रिकोण, पण टोक खाली.
बाकीचे सगळे जपून म्हणतात,
हा एकटा म्हणतो, समोरच्याला आधी जाऊ दे.
पर्याय वाचलेच नाहीत.
हे मला पुस्तकाच्या आधीपासून येत होतं.

पंधरातले अकरा.
चुकलेले चार कुठले, ते अजून डोक्यात फिरतायत.

दुसऱ्या दिवशी ओवीकडं
पहिल्या पोळीला तेल लावलं, अर्ध्यावर अर्धी दुमडली,
परत दुमडली, पीठ भुरभुरवलं.
त्रिकोण झाला, टोक माझ्याकडं.
ओवी ओट्यावरून वाकून बघत होती.
"तुझ्याकडून उलटाय, मावशी. माझ्याकडून सरळ."
"मग?"
"मग तू रस्ता द्यायचा, मी जपून जायचं."
"आज राहू दे," म्हटलं,
आणि लाटून गोल केलं.
पोळी टम्म फुगली.
कोपऱ्यातलं स्टूल पायानं ओढलं, बसले.
"ओवी," म्हटलं, "तूप दे."